अधिवेशनातून उभे राहिलेले पारायण : ज्यू धर्मपरिषद, व्हिएन्ना १९२३ ते न्यू जर्सी २०२०

१. प्रस्तावना

एकोणिसाव्या शतकाचा उत्तरार्ध आणि विसाव्या शतकाचा पूर्वार्ध हा जगभर अधिवेशनांचा काळ होता. राष्ट्रीय सभा, सामाजिक परिषद, ग्रंथकारांचे संमेलन, जातीय परिषदा अशी अनेक व्यासपीठे याच काळात उभी राहिली. दूरवरून प्रतिनिधी यावेत, अध्यक्षीय भाषण व्हावे, ठराव मांडले जावेत, त्यांना अनुमोदन मिळावे आणि पुढील वर्षीचे स्थळ ठरवून सभा विसर्जित व्हावी, असा एक ठरीव आकृतिबंध या व्यासपीठांनी रूढ केला. धार्मिक समाजही या प्रवाहापासून अलिप्त राहिले नाहीत. मात्र अधिवेशनांचा इतिहास लिहिताना अभ्यासकांचे लक्ष बहुधा ठरावांवर आणि नेत्यांवर केंद्रित होते. अधिवेशन संपल्यावर त्यातील नेमके काय टिकले, हा प्रश्न क्वचितच विचारला जातो.

प्रस्तुत लेखात हा प्रश्न एका विशिष्ट उदाहरणाच्या आधारे विचारला आहे. ऑगस्ट १९२३ मध्ये व्हिएन्ना येथे ‘अगुदात इस्रायल’ या परंपरानिष्ठ ज्यू संघटनेची पहिली जागतिक परिषद भरली. ‘क्नेसिया गेदोला’, म्हणजे महासभा, या नावाने ती ओळखली जाते. या परिषदेत एका तरुण राब्बींनी जगातील सर्व ज्यूंनी दररोज ताल्मूदचे एकच पान अभ्यासावे अशी सूचना मांडली. परिषदेतील राजकीय चर्चा आज केवळ अभ्यासकांना ठाऊक आहे. ही सूचना मात्र शंभर वर्षांनंतरही लाखो लोकांच्या नित्यक्रमात आहे आणि तिच्या आवर्तनसमाप्तीचे सोहळे जगातील सर्वांत मोठ्या ज्यू धार्मिक मेळाव्यांत गणले जातात.

२. अभ्यासाची उद्दिष्टे

(अ) परंपरानिष्ठ ज्यू समाजाने अधिवेशन हे आधुनिक साधन का व कसे स्वीकारले ते पाहणे.
(ब) ‘दाफ योमी’ या योजनेची पूर्वपीठिका व तिचा प्रसार यांचा मागोवा घेणे.
(क) दुसऱ्या महायुद्धातील संहारानंतर या मेळाव्यांना प्राप्त झालेला अर्थ स्पष्ट करणे.
(ड) मराठी भाषक ज्यू समाजाच्या व वारकरी परंपरेच्या संदर्भात या घटनेचा तौलनिक विचार करणे.

३. अधिवेशन : विरोधकाचे शस्त्र

ऑगस्ट १८९७ मध्ये स्वित्झर्लंडमधील बाझेल येथे थिओडोर हर्झल यांच्या पुढाकाराने पहिली झिऑनिस्ट काँग्रेस भरली. ज्यूंच्या प्रश्नाला राजकीय उत्तर शोधण्याचा तो प्रयत्न होता. अनेक परंपरानिष्ठ धर्मगुरूंना हा मार्ग मान्य नव्हता. पवित्र भूमीकडे परतणे हे ईश्वरी इच्छेने घडावयाचे असून ते मानवी राजकारणाचे काम नव्हे, अशी त्यांची श्रद्धा होती. मुंबईच्या बेने इस्रायल समाजालाही या काँग्रेसचे निमंत्रण आले होते आणि त्यांनी ते साधारणतः याच कारणाने नाकारले, ही नोंद आपल्या दृष्टीने उल्लेखनीय आहे. कोकणच्या किनाऱ्यावर वाढलेला एक लहान समाज आणि पूर्व युरोपातील येशिवांचे आचार्य यांचा परस्परांशी संबंध नसताना दोघांची भूमिका मिळतीजुळती असावी, हे लक्षात घेण्याजोगे आहे.

तथापि नुसत्या नकाराने भागण्यासारखी परिस्थिती नव्हती. १९११ साली झिऑनिस्ट काँग्रेसने सांस्कृतिक व शैक्षणिक कार्य आपल्या कक्षेत घेण्याचे ठरविले, तेव्हा शिक्षण धर्माच्या हातून जाणार अशी भीती परंपरानिष्ठांना वाटली. परिणामी मे १९१२ मध्ये कॅटोविट्झ येथे अगुदात इस्रायलची स्थापना झाली. जर्मनीतील सुशिक्षित परंपरानिष्ठ, हंगेरीतील कर्मठ धर्मगुरू आणि पोलंड-लिथुआनियातील हसिदी व येशिवा परंपरेचे आचार्य असे तीन भिन्न प्रवृत्तींचे गट प्रथमच एका संघटनेत आले. १९१४ साली योजलेली जागतिक परिषद पहिल्या महायुद्धामुळे होऊ शकली नाही. ती भरण्यास १९२३ साल उजाडावे लागले.

येथे एक अंतर्विरोध जाणवतो. आधुनिकतेच्या आक्रमणापासून परंपरा वाचविण्यासाठी परंपरेच्या रक्षकांनी आधुनिकतेचेच साधन हाती घेतले. प्रतिनिधी, समित्या, निधी, वृत्तपत्रे आणि ठराव यांना धर्मशास्त्रात आधार शोधावा लागत होता. म्हणूनच संघटनेच्या रचनेत श्रेष्ठ धर्मवेत्त्यांच्या मंडळाला अंतिम अधिकार देण्यात आला. सभा बहुमताची होती, परंतु शेवटचा शब्द पांडित्याचा होता.

४. व्हिएन्ना, ऑगस्ट १९२३

परिषदेची पार्श्वभूमी अत्यंत अस्वस्थ होती. ज्या साम्राज्याची व्हिएन्ना राजधानी होती ते १९१८ साली कोसळले होते. युद्धकाळात गॅलिशियातून पळून आलेले ज्यू निर्वासित शहरात मोठ्या संख्येने राहत होते. युक्रेनमध्ये १९१८ ते १९२१ या काळात ज्यूंच्या भीषण कत्तली झाल्या होत्या. सोव्हिएत राजवट धार्मिक पाठशाळा बंद पाडीत होती. अमेरिकेने १९२१ च्या कायद्याने स्थलांतरितांवर संख्येची मर्यादा घातली होती. शतकानुशतके ज्या गावांत ताल्मूदचे अध्ययन चालले ती गावे उद्ध्वस्त होत होती, सीमा बदलत होत्या आणि तरुण पिढी समाजवाद, झिऑनवाद किंवा अमेरिकेची वाट धरत होती. अशा वेळी ‘आपल्याला एकत्र ठेवणारे काय उरले आहे?’ हा प्रश्न प्रतिनिधींसमोर होता.

परिषदेस आलेल्यांत ‘हाफेत्झ हायिम’ या आपल्या ग्रंथाच्या नावानेच ओळखले जाणारे राडिनचे वयोवृद्ध राब्बी इस्रायल मेयर कागान हेही होते. त्यांनी ऐंशी वर्षे केव्हाच ओलांडली होती. या परिषदेचे अल्पकाळाचे मूक चलच्चित्रण अमेरिकेतील दक्षिण कॅरोलिना विद्यापीठाच्या चित्रपटसंग्रहात जतन झाले असून २०१५ च्या सुमारास त्यातील कागान यांची ओळख पटली. गर्दीतून वाट काढीत जाणारी ती ठेंगणी, वाकलेली आकृती पाहताना एक गोष्ट ध्यानात येते. जमलेल्या अनेकांसाठी ठरावांपेक्षा अशा व्यक्तीचे दर्शन हीच परिषदेची फलश्रुती असावी. अधिवेशनाचे रूप आधुनिक होते, उपस्थितीची प्रेरणा मात्र तीर्थयात्रेची होती.

याच परिषदेत मेयर शापिरो यांनी आपली सूचना मांडली. त्यांचा जन्म १८८७ साली बुकोविना प्रांतात झाला. परिषदेच्या वेळी ते पोलंडमधील सानोक येथील राब्बी होते आणि पोलंडच्या संसदेवरही निवडून आले होते. वयाच्या छत्तिसाव्या वर्षी त्यांनी मांडलेल्या युक्तिवादाचे दोन भाग होते. पहिला असा, की ताल्मूदमधील ठरावीक प्रकरणेच सर्वत्र शिकली जातात आणि उर्वरित प्रकरणांकडे कोणी फिरकत नाही. क्रमाने पान वाचत गेल्यास हा पोरकेपणा संपेल. दुसरा भाग एकात्मतेचा होता. एखादा ज्यू प्रवासी जहाजात बसून पवित्र भूमीतून अमेरिकेस निघाला, वाटेत रोजचे पान वाचीत राहिला आणि न्यूयॉर्कच्या अध्ययनगृहात शिरला, तर तेथील अनोळखी लोकही त्या दिवशी तेच पान वाचीत असतील. देश, भाषा आणि पोशाख वेगळे असले तरी चर्चा जेथे थांबली तेथूनच पुढे सुरू होईल. पुढील इतिहास ठाऊक असलेल्या वाचकास हा दृष्टान्त अस्वस्थ करतो. कारण अनेकांच्या वाट्याला तो जहाजप्रवास खरोखरच आला, आणि अनेकांना तो नाकारला गेला.

५. एक दिवस, एक पान

‘दाफ योमी’ याचा शब्दशः अर्थ ‘दैनिक पान’ असा आहे. येथे पान म्हणजे दोन्ही पृष्ठे मिळून एक पत्र. ही योजना वरकरणी साधी असली तरी तिच्यामागे मुद्रणाचा चार शतकांचा इतिहास आहे. बॅबिलोनी ताल्मूदची रचना इसवी सनाच्या सहाव्या शतकाच्या सुमारास सिद्ध झाली. परंतु हस्तलिखितांच्या काळात ‘अमुक पान’ असे म्हणण्यास अर्थ नव्हता. प्रत्येक प्रतीचे पान निराळे असे. १५२० ते १५२३ या काळात व्हेनिस येथे डॅनियल बॉम्बर्ग या ख्रिस्ती मुद्रकाने संपूर्ण ताल्मूद छापला आणि त्याची पृष्ठरचना पुढे प्रमाण ठरली. मध्यभागी मूळ संहिता, आतील बाजूस अकराव्या शतकातील राशी यांची टीका आणि बाहेरील बाजूस नंतरच्या टीकाकारांची भाष्ये ही मांडणी आजही कायम आहे. १८८० ते १८८६ या काळात विल्ना येथील रोम मुद्रणालयाने काढलेल्या आवृत्तीने तीच परंपरा घरोघरी पोहोचविली. जगभर एकच पान उघडता येणे हे प्रथम मुद्रकांनी शक्य केले आणि शापिरो यांनी त्या शक्यतेला वेळापत्रक दिले.

पहिले आवर्तन ११ सप्टेंबर १९२३ रोजी, ज्यू नववर्षाच्या दिवशी, ‘बेराखोत’ या प्रकरणाने सुरू झाले. गेर या हसिदी पंथाचे प्रमुख अवराहाम मोर्देखाय आल्टर यांनी त्या दिवशी पहिले पान वाचल्याचे सांगितले जाते. त्यांच्या अनुयायांची संख्या मोठी असल्याने योजनेला आरंभीच बळ मिळाले. पहिल्या सात आवर्तनांत २,७०२ पाने धरली जात. १९७५ साली सुरू झालेल्या आठव्या आवर्तनापासून ‘शेकालीम’ या प्रकरणाची पाने वाढवून धरल्याने ही संख्या २,७११ झाली. त्यामुळे एक आवर्तन सुमारे सात वर्षे व पाच महिन्यांत पूर्ण होते. सण, आजारपण, प्रवास वा मृत्यू या कशासाठीही क्रम थांबत नाही. व्यक्ती मागे राहू शकते, पान मागे राहत नाही.

६. लुब्लिन : आरंभ आणि अंत

शापिरो यांनी लुब्लिन येथे ‘येशिवात हाखमेई लुब्लिन’ ही भव्य पाठशाळा उभारली. १९२४ साली कोनशिला बसविण्यात आली आणि जून १९३० मध्ये पाठशाळेचे उद्घाटन झाले. गरीब विद्यार्थ्याने गावात घरोघरी वार लावून जेवावे ही जुनी रीत मोडून त्याला वसतिगृह, भोजन आणि प्रतिष्ठा द्यावी, हा त्यामागील हेतू होता. प्रवेशासाठी ताल्मूदची दोनशे पाने मुखोद्गत असण्याची अट होती. फेब्रुवारी १९३१ मध्ये पहिल्या आवर्तनाच्या समाप्तीचा सोहळा, म्हणजेच ‘सियूम हाशास’, याच वास्तूत झाला. ऑक्टोबर १९३३ मध्ये शापिरो यांचे वयाच्या अवघ्या सेहेचाळिसाव्या वर्षी निधन झाले. त्यांना अपत्य नव्हते. जून १९३८ मधील दुसऱ्या समाप्तीला लुब्लिनमध्ये हजारो लोक जमले, तेव्हा योजनेचा जनक हयात नव्हता.

त्या दिवशी तेथे उपस्थित असणाऱ्यांपैकी बहुसंख्यांच्या भवितव्याची कल्पना आज करवत नाही. सप्टेंबर १९३९ मध्ये जर्मनीने पोलंडवर आक्रमण केले. लुब्लिन हे पुढे पोलंडमधील ज्यूंच्या संहारमोहिमेचे मुख्यालय बनले. मार्च व एप्रिल १९४२ मध्ये लुब्लिनची ज्यू वस्ती रिकामी करून तेथील बहुतेकांना बेल्झेक येथील मृत्युछावणीत पाठविण्यात आले. शहराच्या वेशीवरच मायदानेकची छावणी होती. युद्धापूर्वी पोलंडमध्ये सुमारे तेहेतीस लक्ष ज्यू राहत होते. त्यांपैकी साधारणतः नव्वद टक्के मारले गेले. व्हिएन्नाच्या परिषदेने ज्या समाजाला डोळ्यांसमोर ठेवून वेळापत्रक आखले होते, तो समाजच तिसरे आवर्तन पूर्ण होण्याआधी नष्ट झाला.

७. तिसरी समाप्ती

तिसरे आवर्तन नोव्हेंबर १९४५ मध्ये पूर्ण झाले. प्रस्तुत लेखकाच्या मते संपूर्ण इतिहासातील हा सर्वांत महत्त्वाचा क्षण होय. समाप्तीचे सोहळे तेल अवीव व न्यूयॉर्क येथे झाले, तसेच बव्हेरियातील फेल्डाफिंग या निर्वासित छावणीतही झाले. कोणत्याही परिषदेने त्या सात वर्षांत बैठक घेतली नव्हती, कोणतेही कार्यालय हजेरी घेत नव्हते आणि पुष्कळांच्या हाती ग्रंथही नव्हता. तरीही आज कोणते पान आहे हे मोजणारे लोक उरले होते. येथे अधिवेशन आणि नित्यक्रम यांतील भेद स्पष्ट होतो. ठराव पाळण्यासाठी संस्था लागते, तर दिनक्रम पाळण्यासाठी एक माणूसही पुरेसा असतो.

ग्रंथांचा तुटवडा मात्र खरा होता. वाचलेल्या राब्बींनी अमेरिकन सैन्याकडे मागणी केली आणि सैन्याच्या साहाय्याने हायडेलबर्ग येथे १९४८ या वर्षाची मुद्रा असलेली संपूर्ण ताल्मूदची एकोणीस खंडांची आवृत्ती छापण्यात आली. तिच्या मुखपृष्ठावर खालच्या बाजूस काटेरी तारांची छावणी आणि वरच्या बाजूस पवित्र भूमीचे दृश्य आहे. ज्या भूमीवरून या ग्रंथाच्या विनाशाची आज्ञा निघाली, त्याच भूमीवर तो पुन्हा छापला जावा, ही घटना मुद्रणाच्या इतिहासातही अपूर्व म्हणावी लागेल.

८. सभागृहाकडून क्रीडांगणाकडे

युद्धोत्तर काळात चळवळीचे केंद्र इस्रायल व अमेरिका येथे सरकले. अमेरिकेतील वाढ विशेष लक्षणीय आहे. १९९० साली न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये सुमारे वीस हजार लोक जमले. १९९७ साली तेवढी जागाही अपुरी पडून दुसरे सभागृह घ्यावे लागले. ऑगस्ट २०१२ मध्ये न्यू जर्सीतील मेटलाइफ स्टेडियमवर नव्वद हजारांहून अधिक लोक आले. १ जानेवारी २०२० रोजी कडाक्याच्या थंडीत त्याच मैदानावर तेवढाच समुदाय पुन्हा जमला.

या वाढीमागे तीन कारणे दिसतात. पहिले, युद्धोत्तर परंपरानिष्ठ समाजाची लोकसंख्या व आर्थिक स्थिती सुधारली. दुसरे, १९९० ते २००५ या काळात आर्टस्क्रोल प्रकाशनाने ताल्मूदची त्र्याहत्तर खंडांची इंग्रजी आवृत्ती सिद्ध केली. त्यामुळे अरॅमिक भाषेवर प्रभुत्व नसलेला व्यापारी किंवा वकीलही रोजचे पान समजून घेऊ शकला. तिसरे, ध्वनिफिती, दूरध्वनीवरील प्रवचने आणि नंतर इंटरनेट यांनी शिक्षकाला घरात आणि आगगाडीच्या डब्यातही आणले.

समाप्तीचा विधी मात्र बदललेला नाही. शेवटचे ‘निद्दा’ हे प्रकरण संपते, ‘हदरान’ हे ग्रंथालाच उद्देशून ‘आम्ही तुझ्याकडे परत येऊ’ अशा आशयाचे वचन म्हटले जाते, विशेष कद्दीश प्रार्थना होते आणि त्याच बैठकीत ‘बेराखोत’चा पुन्हा आरंभ केला जातो. समाप्ती आणि आरंभ यांमध्ये अंतर ठेवलेले नाही.

२०२० च्या मेळाव्याला आणखी एक संदर्भ होता. डिसेंबर २०१९ मध्ये जर्सी सिटी येथील एका कोशर दुकानावर आणि न्यूयॉर्क राज्यातील मॉन्सी येथे एका राब्बींच्या घरात हल्ले झाले होते. मॉन्सीची घटना तर मेळाव्याच्या अवघ्या चार दिवस आधीची. कडक सुरक्षाव्यवस्थेत लोक आपल्या मुलांसह तेथे आले. अशा वेळी उपस्थित राहणे हेच एक विधान ठरते.

९. मर्यादा आणि टीका

या योजनेवरील आक्षेपांची दखल घेणे आवश्यक आहे. पहिला आक्षेप अध्ययनाच्या दर्जाविषयीचा आहे. ताल्मूदचे एक पान म्हणजे दाट युक्तिवादाचे जाळे असते आणि पारंपरिक येशिवांत अशा एका पानावर अनेक दिवस खर्ची पडतात. रोजच्या तासाभरात त्याचे आकलन वरवरचेच राहणार, असे अनेक विद्वानांना वाटते. दुसरा आक्षेप भव्यतेविषयीचा आहे. एकांतात वा दोघांच्या जोडीने करावयाचे अध्ययन स्टेडियममध्ये नेल्यास त्याचा उत्सव होतो, विचार होत नाही.

तिसरा प्रश्न स्त्रियांचा आहे. सारा शेनिरर यांनी १९१७ साली क्राकोव येथे मुलींसाठी ‘बेस याकोव’ शिक्षणाचा पाया घातला आणि अगुदात इस्रायलने त्या कार्यास पाठबळ दिले. तथापि ताल्मूदचे अध्ययन त्या अभ्यासक्रमाबाहेर राहिले. स्टेडियमवरील मेळाव्यांत स्त्रियांची आसनव्यवस्था स्वतंत्र होती आणि व्यासपीठ पुरुषांचे होते. म्हणून ५ जानेवारी २०२० रोजी जेरुसलेम येथे ‘हदरान’ या संस्थेने भरविलेला स्त्रियांचा समाप्तिसोहळा ऐतिहासिक ठरतो. तेथे तीन हजारांहून अधिक लोक, बहुसंख्येने स्त्रिया, एकत्र आल्या. १९२३ साली ‘सर्व ज्यूंनी’ असे म्हणताना जे गृहीत धरले नव्हते, ते सत्त्याण्णव वर्षांनी त्याच वेळापत्रकाने शक्य केले. वेळापत्रक कोणाच्या हाती पडेल हे ते आखणाऱ्यास ठरविता येत नाही.

१०. मराठी संदर्भ

बेने इस्रायल समाजाची परंपरा ताल्मूदकेंद्रित नव्हती. शब्बाथचे पालन, सुंता, आहारनियम आणि ‘शेमा’ या प्रार्थनेचे स्मरण यांच्या बळावर त्यांनी कोकणात आपले धर्मजीवन टिकविले. १७९६ साली मुंबईत त्यांचे पहिले सिनेगॉग उभे राहिले. समाजाच्या बोलीत सिनेगॉगला ‘मशीद’च म्हणत. १८४६ साली मुंबईत आणि १८७४ साली पुण्यात वल्हांडणाच्या ‘हग्गादा’ या ग्रंथाच्या मराठी अनुवादासह आवृत्त्या निघाल्या. १८८० पासून या समाजाने बायबलमधील चरित्रांवर मराठी कीर्तने रचली व सादर केली. १९१७ साली मुंबईत पहिली बेने इस्रायल परिषदही भरली. शापिरो यांना जे एकत्व समान पानात दिसले, ते येथे समान भाषेत आणि कीर्तनाच्या श्रवणात शोधले गेले.

वारकरी परंपरेशीही तुलना सुचते. गावोगावच्या अखंड हरिनाम सप्ताहात ज्ञानेश्वरीचे पारायण होते आणि काल्याच्या कीर्तनाने सांगता होते. तेथेही ग्रंथ हा समाजाला एकत्र बांधणारा धागा आहे. फरक एवढाच, की पारायणात पठण व श्रवण यांना प्राधान्य आहे, तर दाफ योमीत वादाला. ताल्मूदच्या पानावर मतभेद सोडविलेले नसून जपलेले असतात. जमाव एकत्र येतो तो एकमतासाठी नव्हे, तर एकाच मतभेदाच्या अभ्यासासाठी.

११. निष्कर्ष

उपरोक्त विवेचनावरून पुढील निष्कर्ष काढता येतात. एक, परंपरानिष्ठ ज्यू समाजाने अधिवेशनाचे आधुनिक साधन बचावासाठी स्वीकारले, परंतु त्यातून निर्माण झालेली सर्वांत टिकाऊ गोष्ट राजकीय ठराव नसून एक दिनक्रम होता. दोन, हा दिनक्रम शक्य होण्यास प्रमाणित मुद्रण कारणीभूत होते. तीन, १९४५ नंतर समाप्तीचे मेळावे अध्ययनाचे सोहळे राहून शिवाय स्मरणाचे विधीही झाले. चार, मूळ योजनेत ज्यांना स्थान नव्हते अशा स्त्रियांनी तीच योजना आपलीशी केली.

लुब्लिनची ती वास्तू युद्धानंतर वैद्यकीय शिक्षणासाठी वापरली गेली. २००३ साली ती पोलंडच्या ज्यू समाजाला परत मिळाली आणि २००७ साली तेथील प्रार्थनागृह पुन्हा उघडण्यात आले. आज तेथे शेकडो विद्यार्थी नाहीत. परंतु ५ जानेवारी २०२० रोजी सुरू झालेले चौदावे आवर्तन जून २०२७ मध्ये पूर्ण व्हावयाचे आहे, आणि मधल्या प्रत्येक दिवसाचे पान आधीच ठरलेले आहे. अधिवेशनाचे यश उपस्थितांच्या संख्येवर मोजण्याची आपली सवय आहे. व्हिएन्नाच्या परिषदेचा इतिहास सांगतो, की सभा उठल्यानंतर दुसऱ्या दिवशी सकाळी घरी बसून कोण काय करतो, यावर ते मोजले पाहिजे.